पाणी मागणारी मोटार

ज्या वर्षी नगरात नळाला एक दिवसाआड पाणी यायचं बंद होऊन ते लहर लागेल तेव्हा यायला लागलं, नेमक्या त्याच वर्षी गहिनीनाथ चेमट्यांची मोटार पाणी प्यायला लागली. आधी तांब्याभर, मग कळशीभर. दिवाळीनंतर तर ती गावातल्याच दिल्ली दरवाजापर्यंत जाऊन आली तरी तिच्या तोंडातून वाफ निघायची आणि पोटात गुडगुड व्हायची. ऑस्टिन होती, विलायती. भिंगारच्या छावणीतले एक मेजरसाहेब निवृत्त होऊन जाताना विकून गेले होते. जाताना ते फार हसतमुख होते, याचा अर्थ गहिनीनाथरावांना पुढे हळूहळू कळत गेला.

गहिनीनाथराव पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. जिल्ह्यातल्या निम्म्या कालव्यांचे नकाशे त्यांच्या हातचे. त्यातल्या एकाही कालव्यात त्या वर्षी पाणी नव्हतं, पण तो नकाशांचा दोष नव्हे, असं ते कुणी न विचारता सांगत. तोफखाना भागातल्या ज्या चौकात ते राहायचे, तिथं सगळ्यांत मिळून एक नळ आणि सगळ्यांत मिळून एक मोटार होती. मोटार त्यांची असल्यामुळे चौकात त्यांना साहेब म्हणत. माणसाला साहेब म्हणवून घ्यायची सवय एकदा लागली की ती तंबाखूपेक्षा वाईट.

मोटारीचं हे दुखणं एरवी त्यांनी चालवून घेतलं असतं, पण मिरजगावला त्यांची आई वाट बघत होती. बनुबाई गावी एकटी राहायची. पाऊस गेला, विहीर आटली, तेव्हा तिला नगरला आणायचं ठरलं. ती बिचारी गाठोडं बांधून यष्टीनं यायला निघालीही होती. गहिनीनाथरावांनीच निरोप धाडला, 'यष्टीनं येऊ नको. ड्राफ्ट्समनची आई गाठोडं घेऊन यष्टीत उभी राहिली तर बरं दिसत नाही. मी मोटार घेऊन येतो, चार लोकांच्या देखत मानानं नेतो.' बनुबाईनं गाठोडं सोडलं आणि सगळ्या आळीला सांगितलं की माझा पोरगा मला न्यायला मोटार घेऊन येणार आहे. ही गोष्ट दिवाळीच्या आधीची. आता संक्रांत होऊन गेली होती.

"तुमी सरळ यष्टीनं जाऊन आत्याबाईंना घेऊन या," त्यांची बायको छबूबाई म्हणायची. "सकाळी गेलं की सांजच्याला माघारी."

"आईला शब्द दिलाय मी."

"शब्द आत्याबाईंना दिलाय का मोटारीला?"

गहिनीनाथराव कोट चढवून बाहेर गेले आणि मोटारीचं बॉनेट उघडून उभे राहिले.

आता, उघड्या बॉनेटमध्ये काय जादू असते देव जाणे. ज्यांनी जन्मात सायकलचं पंक्चर काढलं नाही, ते मच्छिंद्र घुले धोतराचा सोगा सावरत धावत आले. जिल्हा परिषदेत आवक-जावक सांभाळणारा हा माणूस. येणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा आणि जाणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा, एवढ्या अनुभवावर त्यांना जगातल्या सगळ्या यंत्रांचं मर्म कळलं होतं.

"चेमटेसाहेब, गळती आहे. हळद घाला. हळद म्हणजे कशी, फट दिसली की जाऊन बसते."

छबूबाई माहेरी गेलेली नव्हती, एवढीच काय ती अडचण. तिचा डोळा चुकवून मच्छिंद्ररावांनी डब्यातली निम्मी हळद रेडिएटरमध्ये ओतली. फट बुजली नाही. मोटार मात्र उकळली की सगळ्या चौकात शिजत्या वरणाचा वास सुटायला लागला. त्या महागाईत तो वास येऊन घरात वरण नसणं बायामाणसांना फार लागायचं. कोपऱ्यावरची म्हातारी लंकाबाई तर एकदा वाटी घेऊनच आली होती. पुढे कितीतरी दिवस ती गहिनीनाथरावांशी बोलली नाही.

शेवटी गॅरेजवाले गनीभाई आले. त्यांनी पंखा हातानं हलवून पाहिला, तो खुळखुळला. "साहेब, वॉटर पंप गेला. गाडी ठेवून जावा, बघू."

"किती दिवस?"

"बघू म्हनलं ना. मेजरसाहेबांनी दोन पावसाळे ठेवली हुती."

हे ऐकून गहिनीनाथरावांचा स्वाभिमान जागा झाला. तो झोपला असता तर पुष्कळ बरं झालं असतं. 'ज्या माणसानं उभी हयात पाण्याच्या वाटा आखल्या,' ते बायकोला म्हणाले, 'त्याला हातभर मोटारीतली पाण्याची वाट सापडू नये?' पुण्याला खात्याच्या कामासाठी गेले तेव्हा जुन्या बाजारात हिंडून त्यांनी पंप आणला, एक थर्मोस्टॅट आणला, आणि या दोन्ही गोष्टी कशा बसवायच्या याचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. पुस्तक पाहून चौकातल्या लोकांचा आदर वाढला. तो काम होण्याआधीच वाढला ही गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. पट्टा सुटला, पंखा सुटला. जुना पंप मात्र सुटेना. त्याला रॉकेल पाजलं, हातोडीनं समजावलं, मच्छिंद्ररावांनी त्याच्याशी दोन शब्द अर्वाच्य बोलून पाहिले. दुपारी तो एकदाचा निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर गहिनीनाथरावांच्या अंगठ्याची सालही निघाली. नव्या पंपाखाली घालायला जाड कागदाचं पॅकिंग हवं होतं. घरात जाड कागद एकच, एका मंजूर कालव्याचा रद्द झालेला नकाशा, तीन साहेबांच्या सह्यांसकट. गहिनीनाथरावांनी मन घट्ट करून त्याला कात्री लावली. एवढं मात्र खरं की त्या कालव्याच्या वाट्याला जे काही पाणी आलं ते तेवढंच.

मग थर्मोस्टॅट. पुस्तकात लिहिलं होतं की इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढून जुना काढा आणि नवा घाला. झाकण काढलं तर आत जुना नव्हताच. नुसतं भोक.

"त्यो व्हय?" गनीभाई शांतपणे म्हणाले. बिडी ओढता ओढता गंमत बघायला ते आले होते. "त्यो मीच काढून फेकला मागं. समद्या गाड्यांचा काढतो. गाडी गार आसली का पानी अडवून धरायचं आनि तापली का सोडायचं, एवडंच त्याचं काम. ते विलायतेच्या थंडीला. आपल्या हिकडं कशाला?"

"नकाशात दाखवलाय," गहिनीनाथराव म्हणाले. "नकाशात आहे म्हणजे तो पाहिजेच."

"बगा बुवा. माझी गाडी हाय का?"

पुस्तकाच्या आज्ञेनुसार थर्मोस्टॅटची परीक्षा घ्यायची होती. उकळत्या पाण्यात टाकला की त्याचं तोंड उघडायला हवं. छबूबाईच्या चहाच्या पातेल्यात, छबूबाईच्या वाट्याच्या रॉकेलवर, छबूबाईनं डोक्यावरून आणलेल्या पाण्यात तो टाकण्यात आला. सगळा चौक स्टोव्हभोवती गोळा झाला. तोंड उघडलं तेव्हा मच्छिंद्ररावांनी टाळ्या वाजवल्या. छबूबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "आता च्या कशाचा करू?" कुणी ऐकलं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो पुढे, आणि पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेला माणूसच तो करू जाणे. पुस्तकातल्या चित्रात बाण होते. बाण सांगत होते की पाणी इंजिनातून वर चढतं आणि वरच्या नळीनं रेडिएटरमध्ये जातं. गहिनीनाथराव त्या बाणांकडे बराच वेळ बघत राहिले. पाणी वर चढतं? धरण वर असतं, शेत खाली असतं, पाणी वरून खाली येतं. या एका गोष्टीवर सबंध खातं उभं होतं. इंग्रज झाला तरी छापताना चुकू शकतो. त्यांनी खिशातून लाल शाई भरलेलं पेन काढलं, बाणाचं तोंड खाली केलं, शेजारी 'दुरुस्त केले' लिहून सही ठोकली आणि त्या दुरुस्तीबरहुकूम थर्मोस्टॅट उलटा बसवला. तो बसेना. तेव्हा त्यांनी तो कानशीनं घासून बसवला. उष्णता ओळखायचं त्याचं जे अंग होतं, ते त्यामुळे इंजिनाकडे पाठ करून बसलं, म्हणजे इंजिन तापलं तरी पाणी अडलेलंच राहणार होतं.

आता रेडिएटर भरायचा होता. दैवानं त्याच वेळी नळाला पाणी आलं. गहिनीनाथरावांनी रांगेतल्या बायकांना 'एवढी एकच बादली, आईला आणायचंय' असं सांगून बादली लावली, आणि ती मोटारीत ओततात न ओततात तोच नगरपालिकेचा पाणी-निरीक्षक सायकलवरून उतरला.

"मोटार धुवायला मनाई आहे, माहीत नाही का?"

"धूत नाही. पाजतोय."

"जनावरांना पाजायला वेगळी परवानगी लागते."

"मोटार जनावर आहे का?"

"नाही ना? मग धुताय."

इतकं बिनतोड बोलणं खात्यात मुरलेल्या माणसालाही जमत नाही. निरीक्षकानं खिशातून तार आणि लाख काढली आणि लेखी खुलासा येईपर्यंत नळाला सील ठोकलं. खुलासा गहिनीनाथरावांनी त्याच दिवशी लिहिला, पण तो घेणारा कारकून रजेवर होता. तो परत आला तेव्हा खुलासा मंजूर करणारे साहेब दौऱ्यावर गेले होते, दुष्काळ बघायला. तोवर चौकातल्या बायका दोन गल्ल्या ओलांडून पाणी आणत होत्या आणि छबूबाई रांगेत गेली की तिच्या पुढच्या आणि मागच्या बायका बोलणं थांबवत. मच्छिंद्ररावही आता 'साहेब' म्हणेनात. 'चेमटे' म्हणायला लागले, आणि तेही गरज पडली तर.

दुसरा एखादा माणूस इथं थांबला असता. गहिनीनाथराव थांबले नाहीत. एवढी किंमत दिल्यावर आता मोटार मिरजगावला गेलीच पाहिजे होती, नाहीतर एवढे सगळे लोक नुसतेच रागावले असं झालं असतं. पुढच्या रविवारी त्यांनी टेरिलिनची पँट घातली, काळा चष्मा लावला, दुधाचे दोन कॅन कसेबसे भरून मागं ठेवले.

"येतेस?" त्यांनी छबूबाईला विचारलं.

"तुमी आनि तुमची मोटार जावा. मला पानी भरायचंय."

सोलापूर रस्त्याला मोटार सुरेख लागली. रुईछत्तिशी येईपर्यंत. तिथं ती एक कॅन प्यायली. दुसरा घोगरगावला. तिथला हॉटेलवाला म्हणाला, "च्या घ्या साहेब, पानी मातूर न्हाई." दोन कप चहा रेडिएटरमध्ये ओतावा असं एक क्षण गहिनीनाथरावांच्या मनात आलं, यावरून त्यांची अवस्था समजावी. दोन्ही बाजूंना रानं पांढरी पडली होती. बाभळींना पाला नव्हता. मिरजगाव दोन मैलांवर राहिलं असताना मोटारीनं मोठा उसासा टाकला, वाफेचा ढग सोडला आणि ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

रस्त्याच्या कडेला दुष्काळी काम चाललं होतं. बायकांची लांबच लांब ओळ खडी फोडत बसली होती. पदरानं नाकतोंड बांधलेलं, भुवयांवर धूळ. एका लिंबाच्या झाडाखाली पाण्याचं पिंप आणि त्याच्यावर मुकादम बसलेला. सकाळी टँकर आला की माणशी एक तांब्या मिळायचा. तो ज्यानं त्यानं आपल्या खडीच्या ढिगाच्या सावलीला जपून ठेवायचा.

गहिनीनाथराव कॅन घेऊन पिंपाकडे गेले आणि साहेबी आवाजात म्हणाले, "जरा पाणी हवंय. मोटारीला."

घणांचे आवाज थांबले.

"मोटारीला?" एक बाई म्हणाली.

"मी सरकारी माणूस आहे. पाटबंधारे खात्यात."

मग मात्र सगळी ओळ हसायला लागली. "आगं ऐकलं का, ह्येनला म्हनं सरकारनं पानी द्यायला ठिवलंय!" "आन् ह्येच पानी मागाया आल्यात!" मुकादमानं पिंपावरून पाय खाली घेतले नाहीत. "रिकाम्या पिंपाला इचारा साहेब," तो म्हणाला. गहिनीनाथराव रिकामा कॅन धरून उन्हात उभे राहिले. इतकं हसू त्यांच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. काळा चष्मा होता म्हणून बरं.

तेवढ्यात ओळीच्या टोकाची एक म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली. डावा पाय जरा ओढत, तांब्या घेऊन ती पुढं आली. तो पाय गहिनीनाथरावांनी ओळखला. तोंडावरचा पदर सरायची गरजच पडली नाही.

शेजारची साळूबाई म्हणाली, "बनुबाई, तुझा पोरगाबी नगरला पाटबंधाऱ्यातच हाय न्हवं? त्यो मोटारवाला? त्योच का काय ह्यो?"

बनुबाई थांबली. तिनं गहिनीनाथरावांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या कॅनकडे पाहिलं, मागं वाफ ओकत असलेल्या मोटारीकडे पाहिलं. दिवाळीपासून जिचं वर्णन ती या बायकांना करत आली होती, ती ही मोटार.

"ह्यो? ह्यो कसा आसंल?" ती म्हणाली. "माझ्या पोराची मोटार पानी मागत न्हाई."

गहिनीनाथरावांचं तोंड उघडलेलं होतं. त्यातून 'आई' एवढाच शब्द निघायचा होता. तो निघाला नाही. निघाला नाही याहून वाईट म्हणजे, धुळीनं माखलेली ती खडी फोडणारी बाई आपली कुणी नाही हे चारचौघांत ठरून गेल्याचं क्षणभर त्यांना बरंच वाटलं. आणि मग त्या बरं वाटण्याची इतकी लाज वाटली की उभ्या जागी रस्त्यानं गिळलं असतं तर त्यांनी हरकत घेतली नसती.

बनुबाई मोटारीपाशी गेली. इंजिन जरा निवेपर्यंत थांबली आणि आपला तांब्या तिनं रेडिएटरमध्ये ओतला. एक थेंब बाहेर सांडला नाही. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"जा बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "लांबचा दिसतुयास." आणि परत आपल्या ढिगापाशी जाऊन बसली.

मोटार तेवढ्या पाण्यावर गावात पोचली. घराच्या कडीला काटकी खोचलेली होती. गहिनीनाथराव ओट्यावर बसून राहिले. आत जाऊन त्यांनी कणगी पाहिली होती, ती रिकामी होती. चुलीपाशी फडक्यात कामावर खायला मिळालेली सुकडी बांधून ठेवलेली होती. जाणारं-येणारं माणूस 'कवा आला?' विचारायचं आणि मोटारीला हात लावून बघायचं.

दिवस मावळताना बायका कामावरून परत आल्या. आळीच्या तोंडाशीच बनुबाईचा आवाज चढला, "आगं बया! आलास व्हय रं? म्या म्हनलं न्हवतं का गं, माझा पोरगा मोटार घिऊन येनार म्हनून?"

सगळ्या बायका उभ्या राहिल्या. त्यांतल्या प्रत्येकीनं सकाळी त्यांना, त्या काळ्या चष्म्याला आणि त्या कॅनला पाहिलेलं होतं. साळूबाईनं मोटारीला एक फेरी घातली, काचेत आपलं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "लई भारी मोटार हाय गं, बनुबाई." बाकीच्यांनी माना हलवल्या. एकही हसली नाही. सकाळचं हसू गहिनीनाथरावांनी एक वेळ सोसलं होतं, हे सोसवेना.

आत गेल्यावर ते म्हणाले, "आई, तू खडी फोडतेस? मला कळवायचं तरी."

"काय कळवायचं? तू म्हनलास यष्टीनं येऊ नगं, मी न्हाई आले. घरातलं सपलं. मग बसून काय तुझी मोटार खाऊ?" ती रागावलेली नव्हती. भाकरीसाठी रेशनवरच्या मिलो ज्वारीचं लाल पीठ मळत होती. "आन् त्या काळ्या चष्म्यात तू लई वंगाळ दिसतुयास."

दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाईनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं आणि गाठोडं घेऊन मागच्या सीटवर अगदी मधोमध बसली. रेडिएटर आळीनं भरून दिला, घराघरातून तांब्या तांब्या. मोटार कामावरच्या ओळीशेजारून गेली तेव्हा बायकांनी घण खाली ठेवले. साळूबाईनं हात वर केला. बनुबाईनं मान जराशी हलवली, राजाची राणी हलवते तशी. पुढच्या वळणापलीकडे, ओळ दिसेनाशी झाल्यावर ती म्हणाली, "थांबव."

"का? काय झालं?"

"ती बग, गुडगुडाया लागली. यष्टी येतीया मागून. मी यष्टीनं म्होरं व्हते, तू ये सावकाश."

"आई, अगं, पण तुला मोटारीनं..."

"बसले की मोटारीत. लोकांनी बगितलं, झालं त्ये. आता घरला पोचाया पायजे. छबूला पानी भरू लागीन."

तिनं गाठोडं काखेत मारलं आणि हात करून बस थांबवली. बस खचाखच भरलेली होती. ड्राफ्ट्समनची आई गाठोडं घेऊन दाराशीच उभी राहिली. कंडक्टरनं घंटी मारली. गहिनीनाथराव वाफेत बॉनेट उघडून उभे होते, आणि बसमधली सगळी माणसं वाकून वाकून त्यांच्याकडे बघत होती. हा कोण म्हणून कुणी विचारलंच, तर आई काय सांगेल हे आता त्यांना ठाऊक होतं.